संपर्क वर्षानुवर्षांचा, तरी लागण नाही : हे कसे?

प्रश्न : आफ्रिकेत नैरोबी शहरात देहविक्रय करणाऱ्या काही बायकांचा वर्षानुवर्षे एचआयव्हीबाधित गिऱ्हाइकांशी संबंध येऊनही त्यांना लागण झाली नाही, असे वाचनात आले. हे खरे की नुसते ऐकीव? खरे असेल, तर त्यांच्या अंगात असे वेगळे काय आहे? आणि ते ओळखून अजून लस का निघाली नाही? आमच्या वाचनालयात यावर बोलणे निघाले तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "प्रतिकारशक्ती दणकट असली की एचआयव्ही काही वाकडे करू शकत नाही. रोज काढा घ्या आणि काळजी सोडा." यात कितपत तथ्य आहे?
— एक वाचक, कराड

उत्तर : एका पत्रात तुम्ही चार शंका विचारल्या आहेत आणि चारही एकमेकींत गुंतलेल्या आहेत. काढ्याची शंका आपण मागे ठेवू, कारण तिचे उत्तर बाकीच्यांतून आपोआप निघते, आणि ते तुमच्या सभासदांना वाटते त्याच्या जवळजवळ उलट आहे.

आधी पहिली गोष्ट : हे खरे आहे. नैरोबीच्या पूर्वेला पुमवानी म्हणून भाग आहे. त्यातल्या माजेंगो या दाटीवाटीच्या, गरीब वस्तीत एकेका खोलीत राहून अनेक बायका हा व्यवसाय करत. १९८० साली कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. ॲलन रोनाल्ड यांनी नैरोबी विद्यापीठाबरोबर काम सुरू केले, ते शँक्रॉइड या गुप्तरोगावर. या रोगात जननेंद्रियावर दुखरे व्रण उठतात. एचआयव्हीचे नावही तेव्हा कोणी ऐकलेले नव्हते. पुढे रोनाल्ड यांचे तरुण सहकारी फ्रान्सिस प्लमर तिथे रुजू झाले. एलिझाबेथ न्गुगी या केनियातल्या परिचारिका बायकांच्या सभा भरवून त्यांच्याशी बोलू लागल्या. डॉक्टरांपाशी औषधे होती, पण बायका दवाखान्याची पायरी चढल्या त्या न्गुगींवरच्या विश्वासाने. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचे सगळे संशोधन त्याच विश्वासावर उभे आहे.

एचआयव्हीची चाचणी उपलब्ध झाल्यावर १९८५ साली या बायकांचे रक्त तपासले गेले आणि सगळेच हादरले. शंभरातल्या एकसष्ट जणी बाधित होत्या. मग १९८१ साली घेऊन गोठवून ठेवलेले नैरोबीतल्या अशाच बायकांचे नमुने बाहेर काढून तपासले, तर तेव्हा हे प्रमाण शंभरात फक्त चार होते. चार वर्षांत चारावरून एकसष्टावर. परिणामकारक औषधे यायला अजून दहाएक वर्षे होती, तेव्हा या आकड्याचा अर्थ काय होता ते वेगळे सांगायला नको.

त्या दिवसांत डॉक्टरांची समजूत अशी होती की आज ना उद्या प्रत्येकीला लागण होणार. बायका ठरल्या वेळी येत, रक्त देत, गर्भाशयाच्या मुखावरचा स्राव कापसाच्या काडीवर घेतला जाई, इतर गुप्तरोगांवर उपचार होत. वर्षे उलटली तसे एक विचित्र चित्र दिसू लागले. काही ठरावीक बायकांचा अहवाल दरवेळी निगेटिव्हच येत होता. शेजारच्या खोलीतली मैत्रीण आजारी पडून गेली, गिऱ्हाइके त्याच वस्तीतली, आणि हिच्या रक्तात विषाणूचा मागमूस नाही.

इथे कोणाही विचारी माणसाच्या मनात येईल की हे नशीब असेल. शंका रास्त आहे, आणि संशोधकांनीही ती सगळ्यात आधी विचारली. एका असुरक्षित संबंधातून बाधित पुरुषाकडून स्त्रीला लागण होण्याचा धोका लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. सरासरी धरली तर दहा हजार संबंधांमागे आठ. मात्र या सरासरीवर विसंबणे धोक्याचे. पुरुषाला नुकतीच लागण झालेली असेल किंवा दोघांपैकी कोणाला व्रण असतील तर तोच धोका कितीतरी पट वाढतो, आणि माजेंगोत तर व्रणांचीच साथ होती. शिवाय तिथे एका बाईचे दिवसाचे संबंध अनेक आणि वर्षे कैक.

तरीही नशिबाची शक्यता निकालात कशी काढायची? त्यासाठी एक साधा हिशेब आहे. प्रश्न निव्वळ नशिबाचा असता, तर पहिल्या वर्षी शंभरातल्या जितक्या टक्के बायकांना लागण झाली, उरलेल्यांपैकी साधारण तितक्याच टक्क्यांना दुसऱ्या वर्षी झाली असती, तिसऱ्या वर्षीही तितक्याच. नशीब कोणाचे मागचे रेकॉर्ड पाहत नाही. प्रत्यक्षात असे घडले नाही. जितकी जास्त वर्षे बाई बाधेशिवाय राहिली, तितका पुढच्या वर्षीचा तिचा धोका कमी होत गेला. याचा अर्थ, ज्यांना सहज लागण होऊ शकत होती त्या आधीच बाधित झाल्या, आणि मागे उरलेल्यांत काहीतरी वेगळेपण असलेल्या बायकांचे प्रमाण वाढत गेले.

संशोधक कीथ फाउक आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात हा हिशेब मांडला. १९८५ ते १९९४ या काळात सुरुवातीला निगेटिव्ह असलेल्या ४२४ बायका त्यांच्या नोंदवहीत होत्या. त्यांतल्या २३९ जणींना पुढे लागण झाली. तीन वर्षे किंवा त्याहून जास्त काळ व्यवसायात राहून, नियमित तपासणीला येऊनही निगेटिव्ह राहिलेल्या ४३ जणींना त्यांनी 'प्रतिरोधक' म्हटले. या बायका निरोध जास्त वापरत होत्या का? गिऱ्हाइके कमी घेत होत्या का? वागण्यातल्या अशा फरकाने त्यांचे वाचणे उलगडेना. विषाणू कुठे दडून तर बसलेला नाही ना, म्हणून त्याच्या जनुकांचाही शोध घेतला, तोही सापडला नाही.

म्हणजे वेगळेपण शरीरात होते. पण कुठे?

पहिला संशय सगळ्यांचा एकाच ठिकाणी गेला. एचआयव्ही पेशीत शिरतो तो पेशीच्या पृष्ठभागावरच्या दोन रेणूंना धरून. एक सीडी४ आणि बहुतेक वेळा दुसरा सीसीआर५. त्याच १९९६ साली अमेरिका आणि युरोपातल्या प्रयोगशाळांनी दाखवून दिले की काही माणसांत सीसीआर५ चे जनुक तुटके असते. आई आणि वडील दोघांकडूनही ते तुटके जनुक आले, तर पेशीवर हा दुसरा रेणू उगवतच नाही आणि नेहमीच्या एचआयव्हीला आत शिरता येत नाही. न्यूयॉर्कचे चित्रकार स्टीव्ह क्रोन हे यातले गाजलेले उदाहरण. जोडीदार आणि मित्र एड्सने गेले, ते स्वतः बाधेवाचून राहिले, आणि आपल्या पेशी त्यांनी संशोधनासाठी देऊ केल्या. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरात सुमारे एकाला अशी दुहेरी देणगी असते. आफ्रिकेत ती जवळपास नाहीच आणि भारतातही फार विरळ. "अमुक जातीच्या किंवा अमुक प्रांतातल्या लोकांना एचआयव्ही होत नाही" अशा अफवा या शोधाच्या अर्धवट बातम्यांतून निघतात. त्या पूर्णपणे बिनबुडाच्या आहेत.

माजेंगोच्या बायकांत हे तुटके जनुक सापडले नाही. त्यांच्या पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत काढून, चेतवून, त्यांवर विषाणू सोडला तेव्हा त्या पेशींना इतरांच्या पेशींसारखीच लागण झाली. हा निष्कर्ष जरा मनात ठेवा. बशीतल्या पेशी बाधित होतात, बाई होत नाही. तेव्हा उत्तर एकट्या पेशीत नव्हते. पेशी शरीरात कोणत्या अवस्थेत असते, तिच्या आसपास काय चालले असते, यात ते होते.

मग दुसरा सुगावा लागला. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत काही टी पेशी अशा असतात की विषाणूने बाधित झालेली पेशी ओळखून तिला मारून टाकतात. एखाद्या विषाणूसाठी त्या खास तयार झाल्या आहेत का, हे पाहायची रीत अशी : रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांच्यापुढे त्या विषाणूच्या प्रथिनांचे बारीक तुकडे ठेवायचे आणि कोण चवताळून उठते ते पाहायचे. ज्याची त्या विषाणूशी कधी गाठच पडली नाही, त्याच्या पेशी सहसा ढिम्म राहतात. संशोधिका सारा रोलँड-जोन्स आणि सहकाऱ्यांना १९९५ साली गांबियातल्या आणि १९९८ साली नैरोबीतल्या निगेटिव्ह बायकांत एचआयव्हीला ओळखणाऱ्या अशा पेशी सापडल्या. म्हणजे विषाणू त्यांच्या शरीरात आला होता, निदान काही पेशींपर्यंत पोचला होता, आणि तिथेच थोपवला गेला होता. काहींच्या योनिस्रावात एचआयव्हीविरुद्धची आयजीए प्रकारची प्रतिपिंडेही मिळाली. ही प्रतिपिंडे रक्तापेक्षा ओलसर अस्तरांवर पहारा देतात. आपल्या नेहमीच्या चाचणीत रक्तातली प्रतिपिंडे पाहतात, त्यामुळे तिचा अहवाल निगेटिव्हच यायचा.

त्या वेळी झालेला आनंद समजण्यासारखा आहे. मारेकरी टी पेशी जागवणारी लस केली की काम झाले, असे अनेकांना वाटले. पण माजेंगोनेच या आनंदाला लगाम घातला. १९९६ ते १९९९ या काळात प्रतिरोधक म्हणून नोंदलेल्या ११ बायकांना लागण झाली. त्यांतल्या काहींच्या रक्तात एचआयव्हीला ओळखणाऱ्या मारेकरी पेशी आधीपासून होत्या, तरीही झाली. शोध घेता एक गोष्ट समोर आली : या बायकांनी लागण होण्याआधीच्या काळात व्यवसाय कमी केला होता. गावी जाऊन आल्या, काही काळ काम थांबवले, आणि परत आल्यावर लागण झाली. विषाणूशी वारंवार गाठ पडत होती तोवर प्रतिसाद ताजा राहत होता, खंड पडला की तो ओसरत होता, असा याचा सरळ अर्थ लावला गेला.

कृपा करून यातून कोणी भलता अर्थ काढू नये. संपर्क चालू ठेवला की माणूस सुरक्षित राहतो, असे हे निष्कर्ष मुळीच सांगत नाहीत. ज्या वस्तीत हे दिसले तिथे तसाच संपर्क आलेल्या बहुसंख्य बायका बाधित झाल्या होत्या. उरल्यासुरल्यांचेही संरक्षण कायमचे नव्हते, एवढेच यातून कळते.

आता मुख्य उत्तराकडे येऊ. शरीरात कुठलाही जंतू शिरला की धोक्याचा इशारा होतो, त्या जागी रक्तपुरवठा वाढतो, सूज येते आणि पांढऱ्या पेशी धावून येतात. बहुतेक जंतूंच्या बाबतीत हे चांगलेच. एचआयव्हीचे मात्र तसे नाही, कारण तो ज्या पेशींत शिरून वाढतो त्या सीडी४ टी पेशी या धावून येणाऱ्यांतल्याच. जत्रेत कुठे भांडण जुंपले की बघ्यांची गर्दी होते आणि खिसेकापूचे काम सोपे होते. गर्दी जमलीच नाही तर तो कोणाचा खिसा कापणार? शिवाय एचआयव्हीला नुसती सीडी४ पेशी मिळून भागत नाही, ती कामाला लागलेली, चेतलेली लागते. निवांत पेशीत तो शिरला तरी आपल्या प्रती काढणे त्याला जड जाते. प्रयोगशाळेत त्या बायकांच्या पेशी बाधित झाल्या, कारण तिथे त्या मुद्दाम चेतवलेल्या होत्या.

योनिमार्गाच्या अस्तराशी नेमके काय घडते ते पाहा. वीर्यातून आलेल्या असंख्य विषाणूंपैकी बहुतेक चिकट स्रावात अडकतात किंवा तिथल्या आम्लतेने निकामी होतात. थोडेसे अस्तराच्या एखाद्या बारीक चिरेतून खाली पोचतात. तिथे त्यांना लगेच जवळपास चेतलेली सीडी४ पेशी मिळाली, तरच पुढचे रामायण. स्त्री-पुरुष संबंधातून होणारी लागण बहुतेक वेळा एकाच विषाणूपासून सुरू होते, असे जनुकीय तपासणीतून दिसले आहे. म्हणजे पहिले काही दिवस विषाणूच्या दृष्टीनेही फार नाजूक असतात. त्या ठिकाणी पेशी थोड्या असल्या, निवांत असल्या, तर ती एकुलती एक ठिणगी तिथेच विझते.

आणि माजेंगोच्या या बायकांत नेमके हेच दिसले. २००० नंतरच्या दशकात फाउक यांच्या गटाने दाखवले की त्यांच्या सीडी४ पेशी इतर निगेटिव्ह बायकांपेक्षाही शांत आहेत आणि एचआयव्हीला लागणारी यंत्रसामग्री त्यांच्यात कमी प्रमाणात चालू आहे. इतर पेशींना आवर घालणाऱ्या नियंत्रक टी पेशींचे प्रमाण त्यांच्यात जास्त होते. काहींच्या योनिस्रावात इलाफिनसारखी सूज आटोक्यात ठेवणारी प्रथिने जास्त सापडली. आयआरएफ-१ नावाच्या जनुकाचे काही ठरावीक प्रकारही त्यांच्यात अधिक होते. हे जनुक धोक्याचा इशारा पुढे पोचवते, आणि एचआयव्ही स्वतःची वाढ सुरू करायला त्याचाच आधार घेतो. त्या इशाऱ्याचा जोर बेताचा असला की विषाणूचीही पंचाईत होते. यातले कुठलेच एक कारण प्रत्येक बाईत सापडत नाही. एकीत एक, दुसरीत दुसरे, कुणात दोन-तीन मिळून, असे हे संरक्षण आहे. "त्यांच्या रक्तातली ती एक गोष्ट" शोधणाऱ्याची म्हणूनच निराशा होते.

या पेशी दुबळ्या आहेत असे मात्र समजू नका. शांत असलेल्या पेशी गरज पडल्यावर उठतात. विनाकारण पेटून राहत नाहीत, एवढाच फरक.

आता तुमच्या ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे तपासू. प्रतिकारशक्ती "दणकट" करून एचआयव्ही टळतो ही समजूत का चुकते, ते वरच्या वर्णनातून तुमच्या लक्षात आले असेलच. एचआयव्हीला सतत भडकलेली प्रतिकारयंत्रणा सोयीची असते. काढा घेतल्याने कोणाचा एचआयव्ही टळला, याला काहीही आधार नाही. त्यांना हे समजावून सांगताना त्यांचा मान राखून सांगा, पण सांगा जरूर, कारण अशा बोलण्यावर विसंबून एखादा तरुण निरोध खिशातच ठेवेल.

उलट बाजूने पाहिले तर सूज हाच धोका, हे वारंवार दिसते. दक्षिण आफ्रिकेत तरुण स्त्रियांच्या अभ्यासात आढळले की योनीत लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जिवाणू भरपूर असलेल्या स्त्रियांच्या तुलनेत, नाना प्रकारच्या इतर जिवाणूंचा बुजबुजाट असलेल्यांना एचआयव्ही होण्याचा धोका सुमारे चौपट होता. त्याच देशातल्या एका चाचणीत टेनोफोविर या औषधाचे जेल योनीत लावून धोका ३९ टक्क्यांनी कमी झाला. त्यातही ज्यांच्या जननमार्गात आधीच सूज होती त्यांना जेलचा फायदा फारसा झाला नाही. व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. अंगावरून जाणे, खाज, व्रण यांवर वेळीच उपचार घ्यावेत आणि योनीच्या आत साबण, डेटॉल किंवा कुठलेही द्रावण घालून धुऊ नये. स्वच्छता म्हणून केलेले हे काम उपकारक जिवाणू मारते आणि अस्तर खरवडते.

लस का निघाली नाही? मारेकरी टी पेशी जागवणारी एक लस खरोखर बनवली गेली होती. 'स्टेप' नावाच्या मोठ्या चाचणीत ती हजारो स्वयंसेवकांना टोचली. २००७ साली ती चाचणी थांबवावी लागली, कारण लसीने पेशी जाग्या झाल्या पण संरक्षण मिळाले नाही, आणि काही गटांत तर लस घेतलेल्यांनाच लागण जास्त झाल्याचे दिसले. पेशी चेतवण्याची किंमत असते, हेच माजेंगोच्या बायकांची शरीरेही सांगतात. त्यात एचआयव्ही स्वतःचे रूप इतक्या झपाट्याने बदलतो की एका रूपाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्यासमोर निष्प्रभ ठरतात. शांतपणा टोचून देणे हे तर आणखी अवघड. केनियात कमी मात्रेची ॲस्पिरिन देऊन पाहिली तेव्हा स्त्रियांच्या जननमार्गातल्या एचआयव्हीला सोयीच्या पेशी सुमारे एकतृतीयांशाने घटल्या. पेशी घटल्या म्हणजे लागण टळते असे अजून सिद्ध झालेले नाही, तेव्हा हे वाचून कोणी ॲस्पिरिन सुरू करू नये.

लस नसली तरी दुसऱ्या वाटेने मोठे यश आले आहे. २०२४ साली दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या स्त्रियांवरच्या 'पर्पज-१' चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात वर्षातून दोनदा लेनाकापाविर हे इंजेक्शन घेणाऱ्या २१३४ स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. ही लस नाही, विषाणूला रोखणारे औषध आहे. पण निरोध वापरायचा की नाही हे जिच्या हातात नसते, अशा बाईच्या दृष्टीने वर्षातून दोन सुया ही केवढी मोठी सोय आहे! हे औषध परवडणाऱ्या किमतीत आपल्याकडच्या बायकांपर्यंत पोचले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

एक गोष्ट राहून जाऊ नये. भारतातही १९८६ साली एचआयव्हीचे अस्तित्व पहिल्यांदा कळले ते चेन्नईतल्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी गोळा केलेल्या रक्तनमुन्यांतून, आणि ते नमुने देहविक्रय करणाऱ्या बायकांचेच होते. एचआयव्हीविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले फार मोठे ज्ञान अशा बायकांच्या शिरेतून आले आहे. त्यांना 'रोग पसरवणाऱ्या' म्हणण्याची सवय आपल्या बोलण्यातून गेली पाहिजे. न्गुगींच्या सभांनंतर माजेंगोत निरोधाचा वापर झपाट्याने वाढला, आणि पाचएकशे बायकांच्या त्या बदलामुळे दरवर्षी हजारो नव्या लागणी टळल्या असा संशोधकांचा अंदाज आहे. रोग थांबवणाऱ्या त्याच होत्या.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान एचआयव्हीबाधित आहेत. लग्नाला सहा वर्षे झाली. दोघांचीही तपासणी होते, ती निगेटिव्ह आहे. सासूबाई म्हणतात, "हिला व्हायचा असता तर आतापर्यंत झाला असता, आता काळजी नको." तिला नैरोबीच्या बायकांसारखे संरक्षण असेल का? ते तपासता येते का?
— एक वाचक भगिनी, बार्शी

उत्तर : ताई, तपासता येत नाही. असे संरक्षण आहे की नाही हे सांगणारी कुठलीही चाचणी कुठल्याही दवाखान्यात नाही, आणि कोणी पैसे घेऊन तशी करून देतो म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका. माजेंगोतही बायकांचे वेगळेपण वर्षानुवर्षांच्या नोंदीनंतर, मागे वळून पाहताना कळले, आणि त्यातल्या काहींना पुढे लागण झालीच.

नवरा-बायकोत एक बाधित आणि एक नाही, हे चित्र मुळीच दुर्मीळ नाही. बहुतेक वेळा त्याचे कारण उपचार, निरोध किंवा निव्वळ योगायोग असते. सासूबाईंची समजूत मायेपोटी आहे, पण ती खरी मानली तर अनर्थ होईल. पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी १३.६ टक्के बाधित होत्या, आणि बहुतेकींचा संबंध आयुष्यात फक्त नवऱ्याशी आलेला होता. "आतापर्यंत झाला नाही" यावर कोणालाच विसंबता येत नाही.

दिलासा दुसरीकडे आहे, आणि तो भक्कम आहे. नऊ देशांतल्या १७६३ जोडप्यांवर एक मोठी चाचणी झाली. त्यात पुणे आणि चेन्नईतली जोडपीही होती. बाधित जोडीदाराला लवकर औषधे सुरू केली तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, हे २०११ साली त्यातून सिद्ध झाले. त्यानंतरच्या अभ्यासांनी आणखी पुढचे सांगितले : रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली राहिला, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही. तुमच्या बहिणीचे संरक्षण तिच्या रक्तापेक्षा तिच्या यजमानांच्या रोजच्या गोळीत शोधा. ते गोळ्या चुकवतात का, त्यांची व्हायरल लोड तपासणी (रक्तातल्या विषाणूची मोजणी) शेवटची कधी झाली आणि आकडा काय आला, हे तिने एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रात त्यांच्याबरोबर बसून विचारावे. आकडा दबलेला आहे हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत निरोध सोडू नये. तिची स्वतःची तपासणी दर सहा महिन्यांनी आयसीटीसी या सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात व्हावी. नुकतीच झालेली लागण चाचणीत लगेच दिसत नाही, तीन महिन्यांपर्यंतचा हा विंडो पिरियड धरून चालावे. कधी निरोध फाटला आणि यजमानांच्या गोळ्या चुकलेल्या असतील, तर ७२ तासांच्या आत केंद्रात जावे. अशा वेळी २८ दिवसांचा प्रतिबंधक औषधांचा कोर्स असतो, त्याविषयी तिथे विचारावे, आणि तो जितका लवकर सुरू होईल तितका बरा.

सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधे विनामूल्य आहेत. २०१७ च्या कायद्याप्रमाणे अहवाल गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. फोनवर विचारायचे असेल तर १०९७ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. लग्नाला सहा वर्षे झाली म्हणता, तेव्हा घरात मुलाचा विषय निघतच असेल. यजमानांचा व्हायरल लोड दबलेला असेल तर तिला बाधेचा धोका न पत्करता गरोदर राहता येते. त्याचे वेळापत्रक केंद्रातले डॉक्टर आखून देतात, तेव्हा तिने हा प्रश्न संकोच न करता त्यांच्यापुढे ठेवावा.